राणीच्या निऱ्या

मला रिकामं बसता येत नाही. हा गुण की रोग, यावर आमच्या घरात एकमत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा म्हणतो, भिंगरी पायाला नाही, डोक्यात आहे. अशा बाईला अमेरिकेच्या सरकारने नवऱ्याच्या नोकरीवरचा डिपेंडंट व्हिसा दिला आणि वर बजावलं की या देशात खुशाल राहा, पण काम करायचं नाही.

पुण्यात मी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत होते. दिवसभर लोकांचे लांबलचक लेख कापायचे, त्यावरून फोनवर भांडणं ऐकायची, संध्याकाळी कॅन्टीनचा चहा पीत उद्याच्या पानाची काळजी करायची. अमेरिकेतल्या हर्नडन गावी आल्यावर काळजी करण्यासारखं एक वॉशिंग मशीन होतं, तेही अपार्टमेंटच्या तळघरात, सगळ्यांचं मिळून. ते जुळे टॉवर पडल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं. सॉफ्टवेअरचा फुगा त्याच्याही आधी फुटला होता. नवरा घरी आला की बूट काढता काढता सांगायचा, "आज परत आमच्या फ्लोअरवरचे काही जण गेले यार." गेले म्हणजे काढले. मग जेवताना तो विषय काढायचा नाही असं ठरवून आम्ही जेवायचो आणि दुसरा कुठलाच विषय सुचायचा नाही.

मला गाडी चालवता येत नव्हती. आमच्या कॉम्प्लेक्सबाहेर एक फुटपाथ होता, पण तो थोडं पुढे जाऊन मधेच संपायचा, काही कारण न देता. पुढे नुसता रस्ता आणि भरधाव गाड्या. मी रोज त्या टोकापर्यंत जायचे, तिथे जरा वेळ उभी राहायचे आणि परत यायचे. गाडीतून जाणारे लोक माझ्याकडे असे बघायचे, की हिची गाडी कुठे बंद पडली असेल.

ज्यांना मी पुढे काका-काकू म्हणू लागले, ते दोघं मला मराठी मंडळाच्या संक्रांतीला भेटले. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता, मुलं लंगडीच्या ऐवजी बास्केटबॉल खेळत होती आणि बायका काळ्या साड्यांवर थंडीची जॅकेटं घालून तिळगूळ वाटत होत्या. काका हाडांचे सर्जन, नुकतेच रिटायर झालेले. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये शिकून इकडे आलेल्या पिढीतले. उंच, बोलके, सगळ्यांना नावाने ओळखणारे. त्यांच्याभोवती तरुण आयटीवाल्यांचा घोळका होता आणि ते आपला ठेवणीतला विनोद सांगत होते.

"आमची ही इंग्लिश पिक्चरमध्ये होती बरं का. पण फक्त हात! हात सिनेमात गेले, बाकीची माझ्या वाट्याला आली."

घोळका हसला. काकू शेजारीच तिळाच्या लाडवांचं ताट धरून उभ्या होत्या, त्याही हसल्या. ठरलेल्या जागी हसतात तसं. मला उगाच राग आला. अशा वेळी गप्प बसायचं असतं हे मला कळतं, पण कळण्याचा आणि माझ्या तोंडाचा काही संबंध नसतो.

"कुठला सिनेमा?" मी काकूंना विचारलं.

"अगं, नाव आम्हालाच माहीत नाही!" काका म्हणाले, आणि पुन्हा हशा.

काकूंनी माझ्याकडे मान वळवली. त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. अगदी हळू म्हणाल्या, "माहीत आहे. सापडत नाही."

दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "तू दिवसा फ्री असतेस ना?" तो 'फ्री' शब्द मला झोंबला, पण खरं ते खरं. काका सकाळी एका मोफत दवाखान्यात व्हॉलंटिअर म्हणून जात. मुलगा कॅलिफोर्नियात. काकूंच्या डाव्या डोळ्याची नजर गेली होती आणि उजवा कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. त्यांना सोबत हवी होती. मी कुठेही गेले असते. कुणी म्हणालं असतं की आमच्या गॅरेजमध्ये येऊन बस, तरी गेले असते.

काकूंना मॅक्युलर डिजनरेशन होतं. या आजारात नजरेच्या मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं दिसत राहतं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तिथेच राखाडी डाग येतो. माणसाचा चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं. "ज्याला बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही," काकू म्हणाल्या, "नव्या सुनेसारखं." उजव्या डोळ्यात हा डाग अजून पुसट होता. बारीक वाचता यायचं नाही, पण टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेतली की बरंच दिसायचं.

त्यांच्या बेसमेंटमध्ये मोठा टीव्ही होता आणि भिंतभर व्हिडिओ कॅसेट. एकही हिंदी नाही, मराठी नाही, अमेरिकनही नाही. सगळे जुने ब्रिटिश सिनेमे. लायब्ररीतून आणलेले वेगळे. मी विचारलं तेव्हा काकूंनी सांगितलं, की इंग्लंडमध्ये त्यांची खोली इतकी थंड असायची की उशी ओलसर वाटे. काका दिवसरात्र हॉस्पिटलात. सिनेमाचं थिएटर मात्र उबदार. खेळ सलग चालायचे, कधीही आत जा आणि कितीही वेळ बसा. त्या बहुतेक वेळा सिनेमाच्या मध्यात शिरायच्या, शेवट आधी बघायच्या, मग सुरुवात, आणि आपण शिरलो ती जागा आली की उठायच्या. कधी कधी तरीही नाही उठायच्या. इंग्रजी बोलायला त्या तिथेच शिकल्या. त्यामुळे त्यांचं इंग्रजी फार जुन्या वळणाचं होतं. ग्रोसरीच्या काउंटरवरची मुलगी त्यांचं बोलणं ऐकून अदबीने सरळ उभी राहायची.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला ते सिनेमे मुळीच आवडले नाहीत. धुकं, रेनकोट, स्टेशनवरची चहाची खोली, पाइप ओढणारे पुरुष. आयुष्य उद्ध्वस्त झालं की कुणीतरी उठून किटली ठेवतं. माझी चुळबुळ व्हायची. शेवटी एकदा मी म्हटलंच, "अहो काकू, हे लोक भांडत का नाहीत?"

"भांडतायत की."

"कुठे?"

"तिने स्वतःला चहा ओतून घेतला. त्याच्या कपाला हात लावला नाही. मोडलं आता त्यांचं." आणि खरंच, पुढच्या प्रसंगात तो माणूस बॅग भरत होता.

हळूहळू मला त्याची गोडी लागली. काकू सिनेमा बघता बघता बोलायच्या. कुणा दिग्दर्शकाने आधी स्टुडिओत पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या रंगवल्या होत्या, कुणी मुक्या सिनेमांच्या काळात समुद्रकिनाऱ्यावरच्या एका बागेत पडदे लावून चित्रं काढली होती, कुठली नटी नाटकातून आली म्हणून कॅमेऱ्यापुढेही शेवटच्या रांगेसाठी बोलते. मधे ब्रिटिश सरकारने कायदा केला, की थिएटरवाल्यांनी ठरावीक देशी सिनेमे दाखवलेच पाहिजेत. मग उरलेल्या सेटवर, मिळेल त्या नटांना घेऊन भराभर सिनेमे काढले. बहुतेक टाकाऊ, पण कितीतरी दिग्दर्शकांचा हात त्या घाईतच बसला. त्यांतले पुष्कळसे पुढे बोटीत बसून हॉलिवूडला आले. यावर काका एकदा जिन्यावरून ओरडले, "म्हणजे आपल्यासारखेच! ब्रेन ड्रेन!" काकू म्हणाल्या, "राहिले त्यांचं कुणी नाव घेत नाही एवढंच."

काकूंचा एक सिद्धान्त होता. ज्यांनी मुके सिनेमे केलेत त्यांना हात कळतात, नंतरच्यांना नुसतं बोलणं कळतं. मी तो कितीतरी सिनेमांवर ताडून पाहिला आणि बहुतेक वेळा तो खरा निघाला. जुन्या दिग्दर्शकांच्या सिनेमात कुणी दार उघडायच्या आधी मुठीवर हात ठेवून क्षणभर थांबतं, पत्र फाडताना अंगठा थरथरतो. पुरवणीत असते तर यावर अर्धं पान लिहिलं असतं, असं वाटून मला दिवसभर चिडचिड झाली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कॅसेट संपली आणि दुसरी लावायला मी उठले, तेव्हा काकू म्हणाल्या, "बस जरा. हे सांगतात तसं नव्हतं ते हातांचं."

त्यांच्या घरमालकिणीचा भाऊ एका स्टुडिओत सुतार होता. तिथे हिंदुस्थानावरचा सिनेमा चालला होता. सरहद्दीवरची एक राणी, तिच्या प्रेमात पडलेला इंग्रज अधिकारी, बंड, घोडे. डोंगर वेल्समधले, राजवाडा प्लायवुडचा, राणी इंग्रज. बोलपट नवे होते तेव्हा नावाजलेली, आता उतरणीला लागलेली नटी होती ती. तिला साडी नेसवायला कुणी मिळेना. सुताराने बहिणीला विचारलं, बहिणीने वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरच्या बायकोला.

"मी विचारलं, काय करते तुमची राणी? ते म्हणाले, घोड्यावर बसते. मग काय, मी नऊवारी नेसवली. काष्टा घालून."

मी हसू लागले ते थांबेचना. "काकू, सरहद्दीवरच्या राणीला नऊवारी?"

"मग? गोल साडी नेसून घोड्यावर कशी बसणार?" त्या जराही ओशाळल्या नाहीत. "घोड्यावरची राणी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी येते तीच मी उभी केली. कुणीही हरकत घेतली नाही. ती बाई टाच मारून तडक निघाली घोड्यावरून. खूश झाली."

सिनेमात एक प्रसंग होता. राणी शेवटच्या लढाईला निघण्याआधी दासींना बाहेर घालवते आणि स्वतःच्या हाताने साडी नेसते. त्या नटीला काही केल्या निऱ्या जमेनात. म्हणून तो भाग जवळून काकूंवर घेतला, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. त्यातही एक घोळ झाला. ती नटी अंगाला तपकिरी रंग लावून हिंदुस्थानी झाली होती आणि काकू चांगल्याच गोऱ्या. हात जुळेनात. मग रंगवाल्याने काकूंच्या हातांनाही तपकिरी रंग लावला.

"म्हणजे तुम्हाला इंडियन दिसण्यासाठी रंगवलं?"

"हो ना. घरी येऊन किती घासले हात, निघता निघेना."

मी पुन्हा हसले, पण काकू आता हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, दिग्दर्शक म्हातारा होता, मुक्या सिनेमांपासूनचा. फार बोलायचा नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला वाकून उभा राहिला आणि म्हणाला, पुन्हा. त्यांनी निऱ्या केल्या, खोचल्या. पुन्हा, म्हणाला. घाई करू नका. दुपारभर तेच. प्रत्येक वेळी तो इतक्या लक्षपूर्वक बघायचा, की त्यांना वाटलं, आपण आजवर कधी साडीच नेसलो नव्हतो.

"माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी जे करते त्याच्याकडे. मी तेव्हा तुझ्याच वयाची. हे हॉस्पिटलात. मी दिवसभर हीटरसमोर. काम नाही, कुणाशी बोलणं नाही. आणि हा म्हातारा म्हणतो, पुन्हा करून दाखवा."

मला एकदम रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि त्यांना ते दिसलं की नाही, ठाऊक नाही. फुटपाथच्या टोकाला उभं राहून माझ्या मनात जे यायचं आणि ज्याला मला शब्द सापडत नव्हते, ते त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत सांगून टाकलं होतं.

सिनेमा थिएटरात लागायच्या आधीच ते दोघं अमेरिकेला आले. मग मुलगा झाला, काकांच्या नोकऱ्या लहान लहान गावांत, जिथे इंग्लिश सिनेमा सोडा, इंग्लिश चहाही मिळायचा नाही. काकूंनी तो कधीच पाहिला नाही. व्हिडिओ आल्यावर त्या शोधू लागल्या. स्टुडिओत ऐकलेल्या नावाचा सिनेमा कुठेच नव्हता. मुलगा फोनवर म्हणायचा, "मॉम, इट्स सच अ क्यूट स्टोरी," आणि विषय बदलायचा. काकांनी त्या गोष्टीचा विनोद करून ठेवला होता.

"मला कुणाला दाखवायचं नाहीये," काकू म्हणाल्या. "मला बघायचंय. एकदा. हा डोळा आहे तोवर."

मला कामच हवं होतं. घरी आले ती जॅकेट न काढता कॉम्प्युटरवर बसले. तोवर इंटरनेटवर जुन्या सिनेमांच्या वेड्यांचे अड्डे तयार झाले होते. बहुतेक सगळे म्हातारे पुरुष, एकमेकांशी अत्यंत सभ्य भाषेत कडाक्याने भांडणारे. मी तिथे प्रश्न टाकला. असा कुठला सिनेमा आहे का, ज्यात सरहद्दीवरची राणी घोड्यावर बसते तेव्हा तिच्या साडीची पॅन्टसारखी विजार झालेली असते आणि टोक मागे कमरेत खोचलेलं असतं? काष्ट्याचं इंग्रजीत याहून बरं वर्णन मला करता येईना.

उत्तरं आली. एकाने सांगितलं की सरहद्दीवर साडी नेसतच नाहीत, हे मला माहीत असायला हवं. दुसऱ्याने शिपायांच्या बटणांवर व्याख्यान दिलं. तिसऱ्याने पाच-सहा सिनेमे सुचवले. मी ते एकेक करून लायब्ररीतून मागवले आणि आम्ही दोघी ते बघत बसलो. प्रत्येकात तेच वेल्सचे डोंगर, तेच प्लायवुडचे महाल, तपकिरी रंगाचे तेच इंग्रज. राण्या मात्र गोल साडीत नाही तर सलवारीत. काकू एका नजरेत सांगायच्या, "ही नव्हे." मी इतकी उतावीळ झाले होते की कॅसेट पुढे पळवायचे आणि काकू ओरडायच्या, "अगं, बघू तर दे." त्यांना तेही सिनेमे बघायचे असायचे. मला फक्त सापडायला हवं होतं. नवरा म्हणायचा, "तू जॉब असल्यासारखी करतेयस." मी म्हणायचे, "आहेच मग."

मार्चमध्ये ओहायोतून एका निवृत्त शिक्षकाचं उत्तर आलं. त्याच्याकडे तो सिनेमा होता, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला. राणीची साडी मधेच विजार कशी होते, हे कोडं त्याला इतकी वर्षं पडलं होतं. सिनेमाचं नाव भलतंच होतं. त्यानेच खुलासा केला, की ब्रिटिश सिनेमा अमेरिकेत आला की इथले वितरक त्याचं नाव बदलत. आपल्याकडे लग्नात मुलीचं बदलतात तसं. काकू इतकी वर्षं त्याला माहेरच्या नावाने शोधत होत्या. त्याने आणखी एक लिहिलं होतं, ते मी काकूंना सांगितलं नाही. इथले वितरक सिनेमे कापूनही लहान करत.

त्याने कॅसेटची कॉपी करून पाठवायचं कबूल केलं. मी रोज टपालपेटी बघायला खाली जायचे, मग उगाच परत एकदा जायचे. टपालवाली मला ओळखू लागली आणि लांबूनच मान हलवू लागली. कॅसेट निघाली की नाही, वाटेत कुठे अडकली, त्या माणसाचा मेल दोन दिवस आला नाही तर तो आजारी तर पडला नसेल, अशा शंकांनी मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. आणि सगळ्यांत मोठी शंका मनात ठेवली. तो प्रसंग त्यात असेल का?

या दिवसांत एका सकाळी काकूंचा फोन आला. आवाज शांत होता. "अगं, दाराची चौकट वाकडी दिसतेय. यांना सांगितलं नाही अजून. तू आलीस की सांगते." मी त्यांना म्हटलं, आत्ता सांगा, फोन ठेवा आणि सांगा. मला त्या आजाराचं फार काही कळत नव्हतं, पण सरळ रेष वाकडी दिसू लागणं चांगलं नाही, एवढं त्यांनीच मला सांगितलेलं होतं. काकांनी त्यांना लगोलग स्पेशालिस्टकडे नेलं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. लेझर केलं. त्या वेळी त्यावर फारसा दुसरा उपाय नव्हता. जेवढं वाचलं तेवढं वाचलं, आणि मधलं नाही वाचलं.

काका पार बदलले. मला घ्यायला यायचे तेव्हा गाडीत एक शब्द बोलायचे नाहीत. एकदा सिग्नलला थांबले असता म्हणाले, "तो ओहायोवाला पाठवेल ना गं?" मी म्हटलं, पाठवेल. "मी तिची चेष्टा करायचो," ते म्हणाले. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी ते थांबूनच होते.

कॅसेट आली ती एप्रिलच्या मध्यावर. काकांनी दवाखाना कॅन्सल केला. दुपारी आम्ही तिघं बेसमेंटमध्ये बसलो. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, कुणाकडे जायचं असल्यासारखी. काकांनी त्यांची खुर्ची टीव्हीजवळ सरकवली, मग आणखी जवळ, आणि रिमोट आपल्या हातात घेतला. मी सोफ्याच्या टोकावर बसले होते. बसले होते म्हणजे टेकले होते.

सिनेमा सुमार होता. चित्र खरखरत होतं, मधे मधे जाहिराती कापल्याचे झटके. पण वेल्सचे डोंगर होते, राणी होती, आणि ती घोड्यावर चढली तेव्हा मागे काष्टा होता. अस्सल, चापून खोचलेला. मी टाळी वाजवली. काकू म्हणाल्या, "हीच." मग बंड झालं, इंग्रज अधिकारी जखमी झाला, राणीने दासींना बाहेर घालवलं, आणि मी आणखी पुढे सरकले.

कापलं नव्हतं. पडद्यावर दोन हात आले. त्यांनी साडीचा काठ धरला, बोटांवर एकेक निरी घेतली, हळूच झटकून सारखी केली. पुन्हा एक. घाई नव्हती. लढाईला निघालेल्या बाईचे नव्हे, नेहमीच्या सकाळी नेसणाऱ्या बाईचे हात होते ते, आणि म्हणूनच बघवत नव्हतं. त्या एवढ्या खोट्या सिनेमात तेवढंच खरं होतं. त्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाला ते कळलं होतं.

"हिचेच," काका म्हणाले. "हिचेच आहेत."

"आले?" काकूंनी विचारलं. तोवर हात गेले होते आणि राणी घोड्यावर बसून धुळीत निघाली होती.

काकांनी टेप मागे घेतली. हात आले. काकू सरळ बघत होत्या. मग टीव्हीच्या कोपऱ्याकडे. मग दिव्याकडे. "नाही," म्हणाल्या. पुन्हा मागे. काकांनी टेप थांबवली, पण थांबवलेलं चित्र थरथरत होतं आणि हातांवरून एक पांढरा पट्टा वर-खाली होत होता. "इकडे बघ, माझ्याकडे बघ, आता दिसेल कडेने," काका म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली, दिवा बंद केला, पुन्हा लावला. काकू छताकडे बघत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते रडण्याचं नव्हतं, ताणाचं होतं. हात फार लहान होते आणि फार थोडा वेळ होते.

"डावीकडचा हात आता निऱ्या धरतोय..." मी सांगू लागले.

"तू सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "सांगितलेलं मी चाळीस वर्षं ऐकतेय."

काका टेप मागे घेत होते, पुढे नेत होते. जन्मभर हाडं जुळवणाऱ्या त्या माणसाच्या बोटांना रिमोटची बटणं सापडत नव्हती. "एकदा, आता एकदाच," ते म्हणत होते, ते यंत्राला की तिला, कळत नव्हतं. घामाने त्यांचा चष्मा घसरत होता. काकूंची मान अवघडली होती, त्यांनी ती जराशी हलवली आणि काकांच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. थोडा वेळ त्या तशाच राहिल्या. ऐकत असल्यासारख्या.

"दिसले," त्या म्हणाल्या.

काका थांबले.

"दिसले हो. अगदी स्पष्ट. पुरे करा आता."

टेप काकांच्या हातून फार पुढे गेली होती. पडद्यावर घोडे होते, धूळ होती, वेल्सचा डोंगर होता. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी रिमोट सोफ्यावर ठेवला, तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि तिचे हात हातात घेतले.

"किती सुंदर हात होते गं तुझे," ते म्हणाले.

"होते ना," काकू म्हणाल्या.